न्हाणीपाशी लावलेला वाळा

मी वाळा बोलतोय. हो, तोच, ज्याच्या मुळ्या तुम्ही उन्हाळ्यात माठात टाकता. मुळ्यांना तुम्ही ओळखता, पण त्यांच्यावर एक गवत उभं असतं हे पुष्कळांच्या गावीही नसतं. ते गवत मी.

आता आपली हकिगत सांगायची म्हणजे जन्मापासून सांगायला हवी, आणि माझी पहिली अडचण तिथेच आहे. मला माझा जन्म आठवत नाही. आमच्यात बी पडून कुणी उगवलेलं मी तरी पाहिलं नाही. तुरे येतात, वाऱ्यावर डुलतात आणि नुसतेच वाळून जातात. आम्ही फुटतो. एका ठोंबाला पाच फुटवे येतात, पाचांचे वीस होतात. मग कुणीतरी कोयत्याने मधोमध कापतं, निम्मा इथे लावतं, निम्मा तिथे. त्यातला थोरला कोण, धाकटा कोण, हे मी अनेकदा ठरवलं आणि तितक्याच वेळा बदललं. म्हणून, मला समजू लागलं तेव्हा मी जिथे होतो, तिथूनच सुरुवात करतो.

कोलशेतला खाडीच्या कडेने एक मातीचा बांध होता. पलीकडे खारं पाणी, दिवसातून दोनदा चढणारं आणि दोनदा उतरणारं. अलीकडे काळुरामचं भातशेत. आम्ही बांधाच्या अलीकडच्या अंगाला, साचलेल्या गोड्या पाण्यात पाय सोडून रांगेने उभे होतो. आमच्या मुळ्या आडव्या फार पसरत नाहीत, सरळ खाली जातात, पुरुषभर खोल. त्यांनी माती धरून ठेवायची आणि बांध उभा राहायचा, एवढंच आमचं काम.

दरवर्षी काळुराम विळा घेऊन यायचा आणि आमचे शेंडे गुडघ्याच्या खाली छाटून टाकायचा. मला वाटायचं, याचं आपल्याशी काहीतरी वैर आहे. मग पंधरा दिवसांत बुडातून दुप्पट फुटवे यायचे. हा माणूस आपल्याला वाढवतो आहे की मारतो आहे, ते काही मला उमगेना. माणसांच्या बाबतीत पुढेही बऱ्याचदा माझी हीच गत झाली.

ठाण्याला आगगाडी येऊन तीस वर्षं उलटून गेली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. काळुरामची बायको आवडाबाई डोक्यावर मिठाची टोपली घेऊन ठाण्याला घरोघर विकायला जायची. शिमगा नुकताच झाला होता. एका सकाळी ती बांधावर आली, ओणवी झाली, आणि मला बुडखा धरून हलवायला लागली.

"काय गो, त्याला का उपटतंस?" काळुरामने शेतातून विचारलं.

"ठान्याच्या मास्तरनीला पायजे."

"मास्तरीन कोन?"

"मास्तरीन नाय रे, कचेरीतल्या कारकुनाची बायको. पन चष्मा नाय एवढंच, बाकी सगली मास्तरीनच. वाल्याची मुली मागत होती, पोरीला घामोल्या झाल्यात म्हनून. मी बोलले, मुली इकत कशाला घेतंस, ठोंबच लाव मोरीवर."

कोयत्याचा घाव बसला. अर्धा मी बांधावर राहिला आणि अर्धा मी टोपलीत, मिठाच्या शेजारी ओल्या फडक्यात. टोपलीतला मी हा, जो तुमच्याशी बोलतो आहे. असं मी धरून चालतो.

ठाण्याला एका घराच्या परसात न्हाणी होती. न्हाणीचं पाणी एका दगडी मोरीतून बाहेर पडून जिथे साचायचं, तिथे माझी जागा ठरली. जागा उत्तम होती, त्यात काही खोट काढता येणार नाही. ओल बारा महिने, ऊन सकाळपासून दुपारपर्यंत. पाणी मात्र चमत्कारिक. कधी त्यात हरभऱ्याचं पीठ, कधी हळद, कधी शिकेकाई, वर तेलाचा तवंग. पहिल्या दिवशी मला वाटलं आपल्याला फोडणीत टाकलं.

मला लावणारी होती सुमती. वय असेल अठरा-एकोणीस. कडेवर सहा महिन्यांची मुलगी, जया. एका हाताने मुलगी सांभाळत दुसऱ्या हाताने ती खड्डा करत होती, आणि तोही स्वयंपाकघरातल्या उलथन्याने.

"बाय, आधी ह्याचा शेंडा छाट," आवडाबाई जाता जाता म्हणाली. "वीतभर ठेव. आनि मंग लाव."

"हो, छाटते हं," सुमती म्हणाली.

पण छाटायला काही तिचा हात होईना. विळी आणली, माझं पातं धरलं, मग विळी परत ठेवून आली. "जगायला आलाय बिचारा, आल्या आल्या कुठे कापू?" ती मुलीला म्हणाली. मुलगी सहा महिन्यांची. तिने काही मत दिलं नाही.

मला ही बाई फार आवडली. काळुरामपेक्षा किती मायाळू, असं वाटलं. चार दिवसांनी माझी पाती टोकांकडून पिवळी पडायला लागली. मुळं तुटलेली, आणि वर हातभर लांब पाती पाणी मागत उभी. खालून पुरवठा नाही आणि वर खाणारी तोंडं वीस. आपण सुखात आहोत असं मला वाटत होतं, आणि आपण वाळतही होतो. दोन्ही एकदम कसं असू शकतं, याचा मी पुष्कळ विचार केला.

न्हाणीशेजारी राहिलं की घरातलं सगळं कानावर पडतं. माणसं पाण्यापाशी आली की मोकळेपणाने बोलतात. सुमतीचा नवरा हरिहर कलेक्टर कचेरीत कारकून होता. संध्याकाळी तो मोरीवर हातपाय धुवायचा आणि ती तांब्याने पाणी घालायची. मनाने चांगला माणूस. बायको शिकलेली आहे याचा त्याला अभिमान होता. मुंबईहून छापून आलेलं, मुलांच्या संगोपनावरचं एक पातळसं पुस्तक त्याने तिच्यासाठी आणलं होतं. त्यातलं ती मुलीला न्हाऊ घालताना मोठ्याने म्हणायची, पाठ केल्यासारखं: "बालकास दर चार तासांनी स्तनपान द्यावे. मध्यंतरी रडल्यास देऊ नये. रडणे हा फुप्फुसांचा व्यायाम होय."

जयाच्या फुप्फुसांचा व्यायाम भरपूर होत होता. अंग मात्र भरत नव्हतं.

हरिहरने आपलं खिशातलं घड्याळ तिला देऊन टाकलं होतं. ते न्हाणीच्या खुंटीवर टांगलेलं असायचं. मुलगी रडू लागली की सुमती तिला खांद्यावर घेऊन त्या घड्याळाकडे बघत फेऱ्या मारायची. "झालं हं, झालं. अजून पाऊण तास. अजून अर्धा." मग दुधाची वेळ व्हायची, तोवर रडून रडून पोर झोपलेली असायची. सुमती तिला हलवून उठवायची. मुलगी दोन घोट घ्यायची आणि पुन्हा झोपायची. मला यातलं काही कळत नव्हतं. कोलशेतला भरती-ओहोटीलाही वेळ असते, पण तहान लागली की पाणी प्यायचं एवढं तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

एके संध्याकाळी हरिहर पाय धुता धुता म्हणाला, "कल्याणहून आईचं पत्र आलंय."

"काय म्हणतात सासूबाई?"

"चैत्र संपला की येते म्हणते." त्याने दुसरा पाय पुढे केला. "जयू अशीच किरकिरी राहिली तर कल्याणला घेऊन जाईन म्हणते. वहिनीला दूध आहे, दोन पोरांना पुरेल एवढं."

तांब्यातलं पाणी त्याच्या पायावर न पडता माझ्यावर पडलं.

"किती दिवसांसाठी?"

"ते लिहिलेलं नाही. पहिल्याच्या वेळी आपण तिचं ऐकलं नाही, एवढं मात्र लिहिलंय."

पहिला म्हणजे कोण, ते मला मागाहून समजलं. जयाच्या आधी एक मुलगा झाला होता. तीन महिन्यांचा होऊन तो गेला. पुस्तक आणि घड्याळ त्याच्यानंतर घरात आलं होतं. या खेपेला काही म्हणजे काही चुकू द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं.

त्या दिवसापासून सुमती माझ्याकडेही निराळ्या नजरेने बघायला लागली. दुसऱ्या दिवशी दोरा घेऊन आली. आधी मुलीच्या दंडाला गुंडाळून मापाची गाठ मारली, मग माझ्या सगळ्यात लांब पात्याला लावून दुसरी गाठ मारली. तिसऱ्या दिवशी परत. दोन्ही गाठी जिथल्या तिथे.

मग तिने मला उपटलं.

उपटलं म्हणजे फेकलं नाही. बुडखा हळूच धरून, चिखलातून वर काढून, उलटा करून बघितलं. त्याच दिवशी मला खालच्या बाजूने तीन पांढऱ्या मुळ्या सुटल्या होत्या, केसांएवढ्या. त्या मोडल्या. "काहीच धरलं नाही," ती पुटपुटली आणि मला पुन्हा खोचून ठेवलं. मी पुन्हा तीन मुळ्या काढल्या. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. पुन्हा उपटलं. पुन्हा मोडल्या. "अजून नाहीच." मी नव्या काढल्या. ती आली.

मला वाटलं हे एक प्रकारचं व्रत असेल. दर तीन दिवसांनी मुळ्या काढायच्या आणि त्या मोडून घ्यायच्या. इथली रीत असेल, आपण नवीन आहोत. पण तिच्या चेहऱ्यावरून ते तिच्याही मनासारखं होत नसावं असं दिसायचं. एकदा मला खोचून झाल्यावर ती मोरीच्या दगडावर बसली, चिखलाचे हात मांडीवर ठेवून, आणि स्वतःशीच हसली. "मराठी चौथीत पहिला नंबर. बक्षीस म्हणून साहेबाच्या हातून साडी. आणि एक गवत लागत नाही माझ्या हाताला." मग हसू गेलं. "जे हातात घेते ते असंच." आतून रडण्याचा आवाज आला. तिने खुंटीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ती बसून राहिली.

तिचे ओठ तेवढे हलत होते. मोजत असावी.

पाडवा होऊन गेला. आवडाबाई मीठ घेऊन आली ती परसदाराने, नेहमीसारखी हाक मारत. टोपली उतरवायच्या आधी तिने मला बघितलं.

"बाय, ह्याला कोनी उपटला?"

"मी," सुमती म्हणाली. मुलगी तिच्या खांद्यावर रडत होती, त्यामुळे तिला मोठ्याने बोलावं लागत होतं.

"कशाला?"

"मूळ धरलं का, ते बघायला."

"मंग? धरलेलं?"

"नाही."

"कितींदा बघितलंस?"

सुमतीने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "दर तीन दिवसांनी."

आवडाबाईने टोपली खाली ठेवली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगो बाय माझे! ते धरनार कवा? तुझी वाट बघत बसलंय ते, आता येशील मंग येशील. आनि शेंडा? शेंडा छाट बोललेले ना मी?"

"जिवावर आलं हो."

"तुझ्या जिवावर आलं आनि त्याचा जीव गेला." तिने कमरेचा विळा काढला, आणि मी काही म्हणायच्या आत माझी सगळी पाती वीतभर ठेवून उडवली. चिखलात हात घालून खड्डा खोल केला, मला त्यात उभा केला, बुडख्याभोवतीची माती टाचेने दाबली. "आता एक महिना हात लावू नको. बघू पन नको. पानी तुझं मोरीचं येतंच हाय. हिरवा कोंब वर आला की समज खाली पाय फुटला. वर दिसंल ते बघायचं. खालचं त्याचं त्याला ठावं."

मुलगी अजून रडतच होती. सुमतीने मान वळवून खुंटीकडे पाहिलं.

"काय बघतंस गो तिथं?"

"अजून चाळीस मिनिटं आहेत. दुधाला."

आवडाबाईला ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती हसली नाही. सात पोरांची आई होती ती, पाच जगलेली. सुमतीच्या अगदी जवळ येऊन तिने हळू आवाजात विचारलं, "घड्यालाला पान्हा फुटतो का गो?"

"पुस्तकात लिहिलंय तसं. रडली तरी द्यायचं नाही, सवय लागते."

"लागू दे की सवय! आईची सवय लागली तर कुनाचं काय गेलं? पोर उपाशी हाय बाय. डोले बघ तिचे. आनि तू पन दुधाने तटतटलीस, चोली भिजली तुझी. दोघी रडताय आनि त्या खुंटीला इचारताय!"

सुमती उभीच राहिली. मला वाटलं, आता ही चिडणार. शिकलेली बाई, मीठवालीचं कशाला ऐकेल? पण ती मोरीच्या दगडावर खाली बसली, आमच्याकडे पाठ केली आणि पदर ओढून घेतला. रडणं एकदम थांबलं. परसात इतकी शांतता मी तिथे आल्यापासून ऐकली नव्हती. नुसता गटगट असा बारीक आवाज येत होता. आवडाबाई मिठाच्या टोपलीवरचं फडकं नीट करत राहिली, ते नीटच होतं तरी.

"माझं चुकलं तर?" पाठमोरीच सुमती म्हणाली.

"चुकंल की. मी सात चुकवले. पाच मोठे झाले."

पुढचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोंधळाचा. मला कुणी हात लावेना! पहिले काही दिवस मी मुळ्या काढून उपटण्याची वाट बघत राहिलो. तिसरा दिवस गेला, सहावा गेला. सुमती परसात यायची, माझ्यापासून दोन हातांवर थांबायची, हात मागे बांधून घ्यायची आणि जायची. हिची माया संपली वाटतं, असं मनात आलं. मी फार दुःखी झालो आणि त्या दुःखात मला चार कोंब फुटले.

दूधही एका दिवसात वाढलं नाही. घड्याळ बघून पाजण्यात ते कमी झालं होतं. पाच-सहा दिवस जया रात्रंदिवस अंगाला चिकटून असायची, आणि सुमतीचं निम्मं काम तसंच पडून राहायचं. हरिहर एकदा पुस्तक हातात घेऊन परसात आला. "इथे तर स्पष्ट लिहिलंय..."

"ज्यांनी लिहिलंय त्यांनी कधी पाजलंय का?" सुमती म्हणाली. म्हणून झाल्यावर ती स्वतःच दचकली. हरिहर पुस्तकाचं पहिलं पान उलटून लेखकाचं नाव बघत राहिला.

"डॉक्टर आहेत," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "पुरुष आहेत."

वैशाखाच्या सुरुवातीला गंगुबाई, सुमतीच्या सासूबाई, कल्याणहून आल्या. येताना नवं दुपटं शिवून आणलं होतं, जुन्या लुगड्याचं, मऊ, चार पदरी. ते कशासाठी ते सगळ्यांनाच समजलं, आणि कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या न्हाणीत पाय पसरून बसल्या, नातीला पायांवर पालथी घेतली आणि तेल चोळायला लागल्या. सुमती गरम पाणी विसणत होती. पाणी कधी कढत, कधी गार.

"दंड भरलेत गं थोडे," गंगुबाई म्हणाल्या.

पाण्याचा आवाज थांबला.

"थोडेच. तिकडे आणखी भरतील. थोरलीकडे दूध आहे, घरात माणसं आहेत. उद्या दुपारच्या गाडीने निघते मी हिला घेऊन. वाटेत उष्णता होईल, वाळ्याची मुळी घे एखादी पाण्यात टाकायला. लावलायस ना तो बाहेर? काढ की."

आता हिने आवडाबाईला वचन दिल्यासारखंच होतं. महिनाभर मला हात लावला नव्हता. मी निर्धास्त होतो. ही मला राखणार.

"सगळा वाळा न्या," सुमती म्हणाली. "मुळासकट न्या. जयूला नाही नेऊ द्यायची मी."

गंगुबाईंचा तेलाचा हात थांबला. मीही थांबलो. ज्या बाईने माझा शेंडा छाटायला कच खाल्ली, तिने मला एका वाक्यात देऊन टाकलं होतं! मला राग यायला हवा होता. पण तिचा आवाज असा काही होता की मला राग कुणाचा करावा तेच समजेना.

"पहिल्याच्या वेळी..." गंगुबाई म्हणाल्या.

"पहिल्याच्या वेळी मला काही येत नव्हतं. आत्ताही येतं असं नाही. पण हिचं रडणं मला आता कळतं. भुकेचं निराळं आणि झोपेचं निराळं. ते तिकडे कुणाला कळेल?"

हरिहर दाराशी पंचा घेऊन उभा होता. त्याने खाकरून घसा साफ केला. "आई, मी तिकीट एकाचंच काढतो."

"अरे, एवढ्याशा पोराला तिकीट लागतं कुठे?"

"म्हणजे..." तो गडबडला. "म्हणजे तू एकटीच जाणार, असं म्हणायचं होतं मला."

गंगुबाईंनी नातीचं न्हाणं उरकलं, धुरी दिली, तिला सुमतीच्या हातात दिलं. मग पदर खोचून बाहेर आल्या आणि सगळा राग माझ्यावर काढला. एका हिसक्यात मी बाहेर. खाली वीतभर पांढऱ्या मुळ्यांचा झुपका लटकत होता. मला स्वतःलाच तो पाहून आश्चर्य वाटलं. त्यांनी तो नाकाला लावला. हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"ह्याला वासच नाही गं."

"आत्ता नाही यायचा," दारातून सुमती म्हणाली. जया तिच्या अंगाशी पीत होती. "दीड वर्ष जावं लागतं. मुळी पिवळी-तांबूस झाली की मग."

"दीड वर्ष कोण थांबणार?"

"मी."

गंगुबाई बराच वेळ त्या मायलेकींकडे बघत उभ्या राहिल्या. हात चिखलाने भरलेले, मी त्यांत लोंबकळतो आहे. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला सांगता येणार नाही. मुलगी दूध पिता पिता झोपली, तोंडाच्या कडेने एक थेंब ओघळला. गंगुबाईंनी खाली बसून मला मधोमध फोडलं. निम्मा मी पुन्हा खड्ड्यात लावला, टाचेने माती दाबली. दुसरा निम्मा हातात राहिला.

"मग मीही बघते थांबून," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कल्याणला गेल्या. नव्या दुपट्यात, ओलं फडकं गुंडाळून, मांडीवर मी होतो. डब्यातल्या एका बाईने वाकून विचारलं, "नातू का नात?" गंगुबाई म्हणाल्या, "गवत." त्या बाईने वाट पाहिली, पण गंगुबाईंनी पुढे काही सांगितलं नाही.

कल्याणला मला विहिरीच्या पन्हळीपाशी लावलं. गंगुबाई शिस्तीच्या. दर दोन महिन्यांनी शेंडे कापायच्या, शेजारचं तण काढायच्या. उपटून मात्र कधी बघितलं नाही. फक्त दुपारी सगळे निजले की इकडे तिकडे बघत यायच्या आणि माझं एक पातं धरून हळूच ओढायच्या. घट्ट आहे हे पटलं की जायच्या. माझ्या पात्यांच्या कडा धारदार असतात, त्यांची बोटं कापायची, तरी यायच्या. ठाण्याहून पत्र आलं की त्यांचा थोरला मुलगा ते माडीवर वाचून दाखवायचा. तिथलं मला ऐकू यायचं नाही. जया कशी आहे, आहे की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. बांधावरचा मी आणि मोरीपाशी राहिलेला मी, त्यांचंही काही कळलं नाही. एका अंगाने तीन ठिकाणी असावं आणि दोन ठिकाणची खबर नसावी, याची सवय मला अजून झालेली नाही.

दीड वर्ष गेलं. दिवाळी होऊन थंडी पडली होती. एका सकाळी एक धष्टपुष्ट मुलगी धावत परसात आली, पन्हळीच्या चिखलात पडली, उठली, आणि दोन्ही हातांनी माझी पाती धरून ओढायला लागली. ही कोण असावी? मला जया वाटणं शक्यच नव्हतं. जया म्हणजे एवढीशी, सुरकुतलेली, रडणारी. मुलीचं बोट कापलं, तिने भोकाड पसरलं, आणि तो आवाज मी लगेच ओळखला. ती फुप्फुसं!

"आले गं आले," म्हणत सुमती आली आणि तिने तिला उचललं. तीही थोडी भरली होती. मागून गंगुबाई कुदळ घेऊन आल्या, त्यांच्या मागून थोरली सून.

मला खणून काढलं. गंगुबाईंनी खांद्याएवढा खोल खड्डा घेतला, तरी मुळ्यांची टोकं खालीच राहिली. विहिरीच्या पाण्यात मला धुतलं, बुडाला चार बोटं मुळ्या ठेवून बाकीचा जुडगा कापला. गंगुबाईंनी तो माठात सोडला. सगळ्यांनी एकदम श्वास आत ओढला. कसा वास येतो मला, कुणी सांगेल? मी तो कधीच घेतलेला नाही. तो येतो ती मुळी माझ्यापासून तुटलेली असते.

ओल्या दगडावर मी उरलो होतो. फुटव्यांचा एक थोटका, अर्धामुर्धा ठोंब. मेलोय की मला पुन्हा लावायचं आहे, ते मला ठरवता येत नव्हतं. गंगुबाईंनी मला उचललं, आणि मग त्यांनी जे केलं ते त्या घरात कुणी कधी पाहिलेलं नसावं, कारण थोरली सून माठाचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिली. त्यांनी मला सुमतीपुढे धरलं.

"आता हे कसं करायचं गं पुढे? माझं मेलं नुसतं नशिबाने लागलं. तुला येतं, तू सांग."

सुमतीने मला हातात घेतलं. एका हातात मी, दुसऱ्या हातात बोट चोखणारी जया.

"शेंडा वीतभर ठेवायचा. खाली चार बोटं मूळ. तीन-चार फुटव्यांचा एक तुकडा करायचा, दोघांत हातभर अंतर. ओल असेल अशा जागी, उन्हात. माती घट्ट दाबायची. मग..."

"मग?"

"मग मला भीती वाटते, सासूबाई," ती म्हणाली. "दरवेळी वाटते. पण ते लागतं."

गंगुबाई "हं" म्हणाल्या आणि चिखलात हात घातला.

आज त्याला आठ दिवस झाले. आम्ही पाच तुकडे पन्हळीपासून कुंपणापर्यंत रांगेत उभे आहोत, डोकी छाटलेले, बावळट दिसणारे. त्यातला बोलणारा मी कितवा, ते मी नक्की सांगू शकत नाही. तुमच्या दारी पाणी साचत असेल आणि जागा रिकामी असेल, तर येऊन एक तुकडा मागून न्या. गंगुबाई नाही म्हणायच्या नाहीत. विचारलंत तर सगळं सांगतीलही, आणि शेवटी म्हणतील की हे माझ्या धाकट्या सुनेचं.